एका फिल्टरवर दोन मांजरं

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज सकाळी किल्ली फिरवली. गाडीच्या पोटात कुणीतरी खिळ्यांचा डबा खळाखळा हलवावा तसा आवाज आला. चार-पाच श्वास तो चालला आणि मग आपोआप बंद, जसं काही घडलंच नाही. मी तशीच बसून राहिले. ही गाडी म्हणजे माझी रोजीरोटी. गेल्या सप्टेंबरात जुनीच विकत घेतली, तेव्हापासून शाळेची पोरं ने-आण करते. पोरं मला गाडीमावशी म्हणतात आणि त्यांच्या आया माझ्या भरवशावर निवांत चहा पितात. अशा गाडीने सकाळी सकाळी दात वाजवायचे म्हणजे काय!

आणि कालच तर तेल बदललं, कालच नवाकोरा फिल्टर बसवला. तोही आमच्या धाकट्याच्या दुकानातला. धाकटा म्हणजे माझा भाऊ, बाजारात त्याचं गाडीच्या सुट्या भागांचं दुकान आहे. फिल्टर निळाशार, रंगाचा वास येईल इतका ताजा. मिस्त्रीने तो बसवला आणि मी नेहमीसारखं खिळ्याने त्यावर मांजर काढलं, खाली महिन्याचा आकडा घातला. ही बाबांची शिकवण. त्यांचा जन्म बसच्या आगारात इंजिनं उघडण्यात गेला. तिथे जो माणूस जो भाग बसवेल त्याने त्यावर आपली खूण करायची, म्हणजे उद्या कुणाला हात झटकता येत नाहीत. मला घरात मनी म्हणतात, म्हणून माझी खूण मांजर. दोन कान, गोल तोंड, दोन्हीकडे तीन-तीन मिशा. जुना फिल्टर निघाला तो मिस्त्रीने कोपऱ्यातल्या पेटीत टाकला. ती पेटी धाकट्याची. जुने फिल्टर तोच भंगारात घालायला घेऊन जातो. आमचा धाकटा काही वाया जाऊ द्यायचा नाही.

बाबा दारात ब्रश तोंडात घालून उभे होते. आवाज ऐकून त्यांनी चूळ भरली आणि सांगून टाकलं की रात्री तेल खाली उतरतंय. फिल्टरच्या तोंडाशी रबराची एक झडप असते. गाडी बंद झाली की ती फिल्टरमधलं तेल धरून ठेवते. तुझ्या गाडीत तर फिल्टर आडवा बसतो, तिथे झडप धड नसली की रात्रभरात तेल निथळून जातं, आणि सकाळी ते पुन्हा वर चढेपर्यंत इंजिन कोरडं फिरतं. खडखडतंय ते कोरडं लोखंड. बाबांना हे सांगताना फार बरं वाटत होतं, कळत होतं ते.

मी म्हटलं, अहो बाबा, फिल्टर कालचा आहे, धाकट्याने दिलेला.

त्यांनी ब्रश झटकला. मग म्हणाले, "मग दुसरं काही असेल. माझे कान पण आता काय."

९ फेब्रुवारी, रविवार

आवाज रोजचाच झालाय. पण आज चांगलं लिहायचं आहे. डोळ्यांच्या ऑपरेशननंतर बाबा नुसते भिंतीकडे बघत बसायचे. धाकट्याने त्यांना काम दिलंय! गाडीचं काम शिकवणारी कुठलीशी शाळा आहे, तिथे पोरांना दाखवायला जुने भाग लागतात. ते धुवायचे, पॉलिश पेपरने घासायचे आणि रंगवायचे. दुकानामागच्या खोलीत बाबांसाठी खुर्ची, टेबल, पंखा, सगळं मांडून दिलंय. दहाच्या सुमारास धाकटा स्वतः गाडी घेऊन येतो आणि संध्याकाळी आणून सोडतो. त्याची गाडी माझ्याच गाडीची थोरली बहीण, त्याच कंपनीची आणि दोन वर्षांनी जुनी.

बाबा घरी आले की नखं निळी. आज रॉकेलचा बोळा घेऊन मी एकेक नख पुसत बसले, तर ते लहान मुलासारखे हसत होते. म्हणाले, पोरं शिकतील त्यावर, काम नीटच व्हायला पाहिजे.

आमचे हे जेवताना म्हणाले, तुझा भाऊ फुकट शिंकतसुद्धा नाही. मला असा राग आला! ह्यांच्या भावाने तर आईच्या आजारपणात फोनसुद्धा केला नव्हता, ते मी काढलं.  भाऊ असावा तर असा, हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवते.

२० फेब्रुवारी, गुरुवार

मी गाडी सुरू करायला निघाले की बाबा आता आत जातात. आधी मला वाटलं थंडी वाजते म्हणून. आज डबा विसरला म्हणून परत आले, तर मोरीत नळ सोडून उभे. एक कान हाताने झाकायचे, मग दुसरा झाकायचे, आणि नळाकडे मान वाकडी करून ऐकायचे.

विचारलं तर आधी सांगेनात. मग कळलं की त्यांनी धाकट्याला झडपेचं बोलून दाखवलं होतं. तो म्हणाला, बाबा, नव्या फिल्टरची झडप कशी जाईल, एकदा कान तपासून घ्या.

मला धक्काच बसला. बाबांचे कान! आगारात लांबून येणारी बस ऐकून हे सांगायचे की कितव्या सिलेंडरमध्ये दुखणं आहे. डोळे अधू झाले तेव्हा बाबा इतके खचले नव्हते. पण धाकटाही वाईट बुद्धीने बोलला नसणार. काळजीच असेल त्याला.

३ मार्च, सोमवार

आवाजाला कंटाळून धाकट्याकडे गेले. त्याने कुरकुर न करता दुसरा फिल्टर काढून दिला. म्हणाला, "गाडी जुनी झाली, ताई. म्हातारा माणूस उठताना कण्हतोच." मला हसू आलं. हजरजबाबी आहे मेला.

मिस्त्रीने फिल्टर बसवला. मी मांजर काढलं, खाली मार्चचा ३. रंग ओलसरच होता वाटतं, खिळ्याबरोबर त्याची सालपटं निघाली. हल्ली कंपन्याही कामाला घाई करतात.

४ मार्च, मंगळवार

आवाज दुप्पट. मागच्या फिल्टरवर इंजिन कण्हत होतं, आज हंबरलं. शेजारच्या बाईंनी खिडकी उघडून बघितलं. बाबा आतून बाहेर आले नाहीत.

१२ मार्च, बुधवार

अक्षर वाकडं येतंय, येऊ दे.

सकाळी उड्डाणपुलाच्या चढावर तेलाचा लाल दिवा लागला. आधी लुकलुकला, मग ठाम पेटला. पाठोपाठ खालून आवाज, सकाळचा नव्हे, दुसराच, हातोड्याने ठोकल्यासारखा. गाडी पोरांनी भरलेली. मागे माल भरलेला ट्रक, त्याच्या मागे अख्खी रांग. मला बाबांचं एकच वाक्य आठवलं, लाल दिवा लागला की विचार करायचा नाही, इंजिन बंद करायचं. मी चढावर इंजिन बंद केलं. हँडब्रेक ओढला. गाडी हातभर मागे घसरली आणि थांबली. ट्रकचं तोंड माझ्या मागच्या काचेत भरून राहिलं होतं. त्या काचेला टेकून बालवाडीतली दोघं बसली होती, त्या ट्रकवाल्याला टाटा करत.

ट्रकवाला उतरला, त्याने चाकांखाली दगड लावले. पोरांना एकेक करून कठड्याच्या कडेने उतरवलं. सगळ्यात धाकटीने विचारलं, "गाडीमावशी, गाडी झोपली का?" मी हो म्हटलं. दुसऱ्या गाडीवाल्याने पोरं शाळेत पोचवली. मला दगडावर बसवून ट्रकवाल्याने पाणी पाजलं. माझ्या तोंडचं पाणी पळालंय ते अजून परत आलेलं नाही. ट्रकवाल्याचे ब्रेक जरा सैल असते तर? मी हे कुणाशी बोलले नाही, इथेही पुढे लिहिणार नाही.

गाडी ओढून मिस्त्रीकडे नेली आहे.

१३ मार्च, गुरुवार

मिस्त्रीने माझ्यासमोर फिल्टर काढला. तेलाने माखला होता म्हणून रॉकेलच्या फडक्याने पुसला, तर फडकं निळं झालं. त्याने आणखी पुसलं. रंगाखालून आधी मिशा निघाल्या, मग कान.

मी म्हटलं, हे माझं मांजर. मिस्त्री म्हणाला, बाई, तुमचं मांजर इकडे आहे, आणि त्याने फिल्टर फिरवला. या बाजूला माझं मांजर, खाली ३. त्या बाजूला माझंच मांजर, खाली ९. सप्टेंबरचा ९. गाडी घेतली त्या दिवशी नवा फिल्टर घालून हौसेने काढलेलं, एक कान मोठा झाला होता तो तसाच मोठा.

मी फेब्रुवारीत काढून टाकलेला फिल्टर मार्चमध्ये नवा म्हणून माझ्याच गाडीत बसला होता. आम्ही दोघं त्या दोन मांजरांकडे बघत उभे राहिलो. मिस्त्रीने मग करवतीने तो कापला. आतला कागद कुजून गाळ झाला होता, त्याचे तुकडे सुटले होते. झडपेचं रबर त्याने नखाने दाबलं तर बिस्किटासारखं तुटलं. रॉकेलने धुतला असणार, तो म्हणाला, रबराचा सत्यानाश होतो त्याने. नशीब तुमचं की इंजिन वेळेवर बंद केलंत, अजून वाचेल.

सगळ्या वाटेत माझ्या मनात एकच, कुणा हरामखोराने धाकट्याच्या गळ्यात हा खोटा माल मारला! भंगारवालाच असणार, धाकट्याकडून जुने फिल्टर न्यायचे आणि रंगवून त्यालाच विकायचे. बिचाऱ्याला कसं सांगावं याचीच मला चिंता.

हे घरी आले तेव्हा मी त्यांना हेच सांगत होते. बाबा अजून दुकानातून यायचे होते. ह्यांनी दोरीवरून बाबांचा सदरा काढून आणला, टेबलावर पसरला आणि बाहीवर फिल्टरचा तुकडा ठेवला. बाहीला निळा डाग होता. फिल्टर कुठे संपतो आणि डाग कुठे सुरू होतो ते कळत नव्हतं.

महिनाभर मीच ती नखं पुसतेय. माझ्या हातांनी.

१४ मार्च, शुक्रवार

दुकानात गेले. फिल्टरचे दोन्ही तुकडे धाकट्याच्या पुढ्यात ठेवले, मांजरं वर करून. तो आधी हसला. मग त्याने पुढे बघितलं, मागे बघितलं.

"ताई, हळू बोल, गिऱ्हाईक येईल."

मी अजून काही बोललेच नव्हते.

मग त्याचं सुरू झालं. सगळ्या बाजारात हेच चालतं. लोकांनाच स्वस्त पाहिजे असतं. आणि हा तुझ्यासाठी नव्हताच, ताई, शपथ घेतो, तुझ्याकडे चुकून आला. मी विचारलं, "मग कुणाच्या गाडीसाठी होता?" त्यावर तो काउंटरवरची धूळ पुसायला लागला. मला कळेना की रडावं की त्याला धरून बडवावं. लहानपणी शाळेत याला कुणी मारलं की मी जाऊन भांडायचे. त्या क्षणीही आधी तेच मनात आलं, याला कुणी काही करू नये. मला माझीच लाज वाटली.

तेवढ्यात मागच्या खोलीतून बाबा आले, हातात ब्रश. माझा आवाज ऐकला म्हणाले. मी ते तुकडे लपवायला गेले, पण त्यांनी एक उचलला आणि डोळ्यांजवळ नेला. मग अंगठा फिरवला. सप्टेंबरचं मांजर होतं त्यावर.

"हे मला दिसलं होतं, मने," ते म्हणाले. "बाकीच्यांना पॉलिश पेपर मारला. याला मारवेना. म्हटलं, शाळेतली पोरं बघतील."

 बाबांनी अंगठा आणखी फिरवला, कापलेली कड चाचपली, आतलं तुटकं रबर बोटांत घेतलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे झालं ते मला लिहिता येत नाही. त्यांनी धाकट्याला फक्त एवढंच विचारलं, शाळा कुठे आहे? हळू आवाजात, पत्ता विचारावा तसं. धाकट्याने मान खाली घातली.

बाबा नळाकडे गेले आणि हात धूत राहिले. साबण संपत आला तरी धूत होते. शेवटी मीच नळ बंद केला आणि रिक्षाने घरी आणलं.

१५ मार्च, शनिवार

बाबांनी दोन दिवसांत दोन घासही खाल्ले नाहीत. सकाळी गल्लीत गाड्या सुरू व्हायला लागल्या की उठून बसतात. आज समोरच्या डॉक्टरांची गाडी खडखडली. बाबा म्हणाले, ती एक. मग कोपऱ्यावरची दूधवाल्याची. ती दुसरी. मी खिडकी लावून घेतली तर म्हणाले, उघडी ठेव. मी शेजारी बसून राहिले आणि ऐकलं. बाबा आपण रंगवलेले फिल्टर मोजत होते. या गल्लीत मी रोज राहते आणि हे मला कधी ऐकू आलं नव्हतं!

संध्याकाळी धाकटा आला. बाबांच्या पायाशी बसला आणि रडला, अगदी हुंदके देऊन. म्हणाला, मला झडपबिडप काही माहीत नव्हतं. बाहेरून डबा, आत कागद, धुतला की चालतो, एवढंच मला वाटलं. तुम्ही आगारात शिकलात, बाबा, मला कुणी शिकवलं? शाळेचं खोटं बोललो ते एवढ्याचसाठी की तुम्हाला कमीपणा वाटू नये. पुन्हा असला माल दुकानात दिसणार नाही. पण तुम्ही चला माझ्याबरोबर, थोडे दिवस माझ्याकडे राहा, नाहीतर मला तोंड दाखवायला जागा नाही.

बाबा विरघळले, मला दिसत होतं. त्याच्या डोक्यावरून हात फिरवत मला म्हणाले, त्याला खरंच माहीत नसेल गं. तुला मी गाडीखाली घेऊन शिकवलं. त्याला वाणिज्य शिकायचं होतं, मी म्हटलं शिक. चूक माझी.

खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं. अज्ञानाने माणूस काहीही करतो, आणि शेवटी तो आपला आहे. हे तेवढे ताटावरून उठून गेले. धाकटा रात्री इथेच झोपलाय. सकाळी बाबांना घेऊन जाणार आहे. त्यांची पिशवी मीच भरली. त्याला शिव्या घालायच्या म्हणून जपून ठेवलेला सगळा राग निघून गेला आणि फार हलकं वाटतंय.

१६ मार्च, रविवार

पोहे झाले, चहा झाला. धाकटा बाबांची थट्टा करत होता, बाबा हसत होते. त्याची गाडी रात्रभर फाटकासमोर उभी होती, काचेवर दव साचलं होतं. आमच्याकडे ती नेहमी ऊन चढल्यावर येते, बाजारातून तापून. ती सकाळी थंड असताना आमच्यापैकी कुणीही कधी सुरू होताना पाहिली नव्हती. हे मला आत्ता लिहिताना सुचतंय. त्या वेळी मी फक्त बाबांच्या गोळ्या पिशवीत ठेवल्या की नाही हे बघत होते.

धाकटा आत बसला. बाबा पिशवी घेऊन दाराशी उभे. त्याने किल्ली फिरवली.

काहीच नाही. खडखड नाही, कण्हणं नाही, एक टिचकीसुद्धा नाही. इंजिन पहिल्या झटक्याला लोण्यासारखं फिरायला लागलं. माझ्या गाडीहून जुनी गाडी, आडवाच बसणारा फिल्टर, रात्रभर थंडीत उभी.

मला कळायला वेळ लागला. बाबांना लागला नाही. त्यांनी बॉनेटवर हात ठेवला, डॉक्टर छातीवर ठेवतो तसा, आणि ऐकत राहिले. धाकटा आतून म्हणाला, बसा ना बाबा, ऊन होईल.

"हिला फिल्टर कुठला घातलास?" बाबांनी विचारलं.

धाकट्याने नजर समोरच्या रस्त्यावर वळवली. स्टिअरिंगवरचे त्याचे हात मला काचेतून दिसत होते. नखं अगदी स्वच्छ. स्वतःच्या गाडीला याने अस्सल नवाच फिल्टर घातला होता. म्हणजे याला माहीत होतं. झडप माहीत होती, खडखड कशाने होते ते माहीत होतं, पोरं कुणाच्या गाडीत बसतात ते माहीत होतं. आणि हे सगळं माहीत असून याने एका म्हाताऱ्याला त्याचे कान तपासायला सांगितले.

बाबांनी बॉनेटवरचा हात काढला. माझ्याकडे वळले.

"माझे कान चांगले आहेत, मने," ते म्हणाले.

पिशवी घेऊन ते घरात गेले. धाकट्याची गाडी नंतर बराच वेळ फाटकासमोर सुरू होती. घरात ती ऐकू येत नव्हती.